मंडईची रीत

(स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली या शहरात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून पुण्याने राज्यकारभार, धर्म, शेती, शिक्षण, साहित्य अशा मोठमोठ्या विषयांवर व्याख्यानं ऐकली. मी आज भाजी विकणाऱ्याने गिऱ्हाइकाशी आणि गिऱ्हाइकाने भाजी विकणाऱ्याशी कसं वागावं, यावर बोलणार आहे. विषय लहान वाटेल, पण मला तो तसा वाटत नाही. नातेवाइकांशी नात्याची भीड असते, शेजाऱ्यांशी शेजाराची असते, कचेरीत साहेबाची असते. दुकानात यातलं काहीच नसतं. वस्तू घेतली, पैसे दिले, संबंध संपला. उद्या तोंड बघितलं नाही तरी कुणाचं काही अडत नाही. अशा ठिकाणीही दोन अनोळखी माणसं एकमेकांशी नीट वागत असतील, तर ते वागणं कुणाच्या धाकाने आलेलं नसतं. शहर सुसंस्कृत आहे की नाही, हे मी नाट्यगृहांच्या आणि ग्रंथालयांच्या संख्येवरून ठरवणार नाही. गाळ्यापुढे उभं राहून ठरवीन.

म्हणून उदाहरणाला मंडई घेतो. पुण्यात दुसरी बाजारपेठ नाही असं नाही, पण इतक्या निरनिराळ्या थरांची माणसं रोज एकमेकांसमोर येतात अशी दुसरी जागा मला माहीत नाही.

ही मंडई १८८६ साली उघडली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात, उघड्यावर भरायचा. नव्या इमारतीला मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराचं नाव मिळालं आणि ती 'रे मार्केट' झाली. मध्ये अष्टकोनी मनोरा, त्याच्याभोवती फाकलेले दगडी पाखे, वर उतरती कौलं, खाली गाळे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सभासद होते, आणि या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. लोकांच्या करातला पैसा अशा इमारतीत घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने याच इमारतीला जोतीरावांचं नाव मिळालं.

यात काहींना विसंगती दिसते. मला दिसत नाही. जोतीराव हे फुलं आणि भाजीपाला विकणाऱ्या घराण्यातले. पेशव्यांना फुलं पुरवण्याच्या कामावरूनच त्यांच्या घराण्याला 'फुले' म्हणू लागले. मळ्यात राबणाऱ्याचा माल बाजारात येतो तेव्हा त्याच्याशी कोण कसं बोलतं, त्याला कोण कसं नाडतं, हे त्यांनी पुस्तकातून वाचलेलं नव्हतं. त्यांचा विरोध इमारतीच्या डामडौलाला होता, इमारतीत बसणाऱ्या माणसांना नव्हता. म्हणून त्या माणसांच्या डोक्यावर त्यांचं नाव आहे हे योग्यच झालं. आणि ते नाव आपल्यावर काही जबाबदारी टाकतं, असं मी मानतो.

मंडईत घासाघीस चालते, आणि घासाघीस म्हणजेच असभ्यपणा असा आता अनेकांचा समज झाला आहे. छापील किमतीच्या पाकिटांची सवय झालेल्या पिढीला भाव करणं ओशाळवाणं वाटतं. गरीब भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत कशाला घालायची, असं ती म्हणते. भावना चांगली आहे, पण मंडई नीट पाहिली तर दिसतं की भाव करणं हे तिथलं भांडण नाही, बोलणं आहे, आणि त्या बोलण्याला कडक नियम आहेत. ते कुठे लिहिलेले नाहीत, पण गाळ्यावरची मावशी ते पाळते आणि चांगलं गिऱ्हाईकही पाळतं.

सकाळी दुकान मांडल्यावर पहिली विक्री होते ती भवानी. भवानीच्या वेळी उगाच भाव विचारून पुढे जायचं नाही. घ्यायचं असेल तरच थांबायचं. विकणाराही त्या पहिल्या गिऱ्हाइकाला फार ताणत नाही, थोडं कमी-जास्त करून माल देऊन टाकतो आणि आलेली नोट कपाळाला लावतो. दुसरा नियम असा की मालाला नावं ठेवून भाव पाडायचा नाही. 'मला एवढं परवडत नाही' म्हणायला हरकत नाही, पण 'काय हा शिळा माल' असं चारचौघांत म्हणणं म्हणजे शेजारच्या गिऱ्हाइकाच्या मनात विष कालवणं. तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण एक भाव सांगितला आणि समोरच्याने तो मान्य केला, की माल घ्यायचाच. 'पंधराला देता का?' असं विचारायचं, ती 'घ्या' म्हणाली की 'नको, जरा पुढे बघून येते' म्हणून पाठ फिरवायची, यासारखा अपमान मंडईत दुसरा नाही. तिने स्वतःचा नफा सोडून तुमचा शब्द धरला, आणि तुम्ही तुमचाच शब्द पाळला नाही. चढा भाव सांगणाऱ्या दुकानदाराला आपण लगेच लबाड म्हणतो. शब्द फिरवणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र आपण चोखंदळ म्हणतो. हे न्यायाचं नाही.

भाव सकाळी एक आणि रात्री दुसरा का असतो, हेही समजून घेतलं पाहिजे. घाऊक बाजार आता गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भरतो. पुरंदर, खेड, जुन्नर, हवेली अशा तालुक्यांतून पहाटे माल उतरतो. तिथून उचलून आणलेली मेथी, कोथिंबीर, पालक उन्हाळ्यात दुपारपर्यंत माना टाकतात. गोणपाट भिजवून झाका, तासातासाला पाणी शिंपडा, तरी संध्याकाळी दोन-चार जुड्या आतून पिवळ्या निघतातच. त्या फेकलेल्या जुड्यांची किंमत विकलेल्या जुड्यांत भरून काढावी लागते. रात्री दुकान आवरताना मावशी स्वस्त देते, ते माल उद्या टिकणार नाही म्हणून. रात्रीच्या भावाने सकाळी मागणाऱ्याला हा हिशेब ठाऊक नसतो, किंवा ठाऊक असून तो कानाडोळा करतो. सभ्यपणा म्हणजे गोड बोलणं एवढंच नव्हे. समोरच्याच्या धंद्याचं गणित थोडं तरी माहीत करून घेणं हाही त्याचाच भाग आहे.

आता माप. पूर्वीचा तराजू तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. काटा सरळ झाला की वजन पुरं झालं, कायद्याने तेवढंच देणं लागतं. पण गाळेवाला तिथे थांबायचा नाही. एक बटाटा, चार मिरच्या वर टाकून मालाचं पारडं खाली आणायचा आणि मगच पिशवीत ओतायचा. आता काट्याच्या जागी आकडे दाखवणारं यंत्र आलं. पाचशे म्हणजे पाचशे. ग्रॅमपर्यंत चोख. तरी एखाद्या गाळ्यासमोर उभं राहून हातांकडे बघा. आकडा पाचशेवर येतो, मावशी आकड्याकडे बघते, गिऱ्हाइकाकडे बघते, आणि ढिगातला एक लहानसा टोमॅटो उचलून वर ठेवते. आकडा पाचशे चाळीस होतो. पैसे पाचशेचेच. तो टोमॅटो निवडण्यातही हात सराईत असतो. फार मोठा नाही, म्हणजे आपलं नुकसान नको, आणि किडका तर मुळीच नाही, कारण वरचं म्हणून दिलेलं वाईट असेल तर ते देणं नव्हेच. त्यानंतर पिशवीच्या तोंडाशी कढीपत्त्याची एखादी काडी येते. अलीकडे कोथिंबीर महागली की हे वरचं बंद होतं, आणि गिऱ्हाइकाला ते हक्क नाकारल्यासारखं वाटतं. तो हक्क नव्हता. तो तिचा मोठेपणा होता, आणि महागाईत तिने तो आखडता घेतला तर रागावण्याचं कारण नाही.

गिऱ्हाइकांच्या हातांबद्दलही बोललं पाहिजे. मी असे हात पाहतो, आणि ते चांगल्या घरचे असतात. भेंडीचं टोक मोडून बघतात, मोडलेली भेंडी परत ढिगात टाकतात. मेथीची जुडी सोडून बघतात आणि तशीच ठेवतात. टोमॅटोत अंगठा रुततो, मटाराची शेंग सोलून दाणे तोंडात जातात. पारख करायला हरकत नाही. पण मोडलेली भेंडी पुढचं गिऱ्हाईक घेत नाही, म्हणजे ती मोडणाऱ्याने विकत न घेता वापरलेली असते. मोडलीत ना, मग ती आधी आपल्या पिशवीत टाका. एवढं एक केलं तरी पुष्कळ झालं.

पैसे देण्याच्या रीतीबद्दल मला थोडं अधिक बोलायचं आहे, कारण इथे इतिहास आड येतो. ज्या समाजात अस्पृश्यता होती, तिथे वस्तू वरून टाकली जाई आणि पैसेही वरून टाकले जात. हाताला हात लागू नये हाच त्यातला हेतू. याच पुण्यात जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ते धाडस कशाविरुद्ध होतं हे आठवलं म्हणजे पैसे हातावर ठेवणं या साध्या गोष्टीचं मोल कळतं. आज पैसे टाकणाऱ्याच्या मनात तसलं काही नसेल. घाई असेल, मोबाइलवर बोलणं चालू असेल. पण फळीवर भिरकावलेली नोट उचलताना समोरच्याला काय वाटतं, हे टाकणाऱ्याने ठरवायचं नसतं. आता तर बहुतेक व्यवहार क्यूआर कोडवर होतात, आणि पैसे आले हे गाळ्यावरचा डबा मोठ्याने सांगतो. सोय उत्तम आहे, सुट्ट्यांची कटकट मिटली. फक्त त्या डब्याने सांगितलं म्हणून आपण काही बोलायचं नाही असं होऊ नये. 'मावशी, पैसे टाकले बरं का, बघून घ्या' हे चार शब्द तोंडानेच सांगावेत.

मंडईत वयाने मोठ्या विक्रेत्या बायका आल्या-गेल्याला एकेरीत बोलतात. 'काय देऊ रे बाळा?' त्यात माया असते. त्याच बाईला तिच्या निम्म्या वयाचं गिऱ्हाईक 'ए, कांदे कसे दिले गं?' म्हणून विचारतं, तेव्हा ते एकेरी निराळं असतं. बँकेतल्या अनोळखी बाईंना आपण 'मॅडम' म्हणतो. भाजी विकणारीला 'अहो मावशी' म्हणायला आपल्याला काय जड जातं?

या शहरात एकटी राहणारी म्हातारी माणसं फार आहेत. मुलं परदेशी, जोडीदार गेलेला, पेठेतला जुना वाडा पडून तिथे इमारत झालेली. अशी एखादी आजी मंडईत येते आणि दोन लिंबं, दहा रुपयांची कोथिंबीर आणि पावशेरापेक्षाही कमी दुधी मागते. एकट्या माणसाला अख्खा दुधी करायचा काय? चांगला गाळेवाला तिला 'एवढंसं कुठं मिळतं का' असं म्हणत नाही. सुरी घेतो, दुधी कापतो, कापलेला भाग कागदात गुंडाळतो, आणि विचारतो, 'गुडघा कसा आहे आता?' उरलेला तुकडा लवकर खपला नाही तर तो वाळणार, हे त्याला माहीत असतं. त्या आजींच्या दिवसातलं दुसऱ्या माणसाशी झालेलं हे एकमेव बोलणं असू शकतं. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनामुळे पेठा बंद केल्या गेल्या तेव्हा घरपोच भाजीची सोय अनेकांनी केली, आणि ती करणाऱ्यांचे उपकारच मानले पाहिजेत. पण भाजी दाराशी आली तरी हे विचारणं दाराशी आलं नाही. अनेक वृद्धांना त्या दिवसांत कशाची सर्वांत जास्त उणीव जाणवली असेल, तर ती याची.

आता मंडईतून निघून तुळशीबागेतून लक्ष्मी रस्त्याकडे येऊ या, कारण दुकानातल्या नोकरांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पुणेरी दुकानदार उद्धट, गिऱ्हाइकाला हाकलून लावणारा, अशी ख्याती आहे. पु. ल. देशपांडे यांनी त्याचं चित्र रंगवलं आणि सारा महाराष्ट्र त्यावर मनमुराद हसला. ते हसणं निर्मळ होतं. पण पुढे आपण त्या उद्धटपणाचाच अभिमान बाळगू लागलो, पुणेरी पाट्यांचे संग्रह करू लागलो, हे मला पटत नाही. शिवाय त्या चित्रातला माणूस दुकानाचा मालक आहे. त्याला उद्धट होणं परवडत होतं. आजच्या मोठ्या दुकानात तुमच्याशी बोलतो तो मालक नव्हे, महिन्याच्या पगारावरचा मुलगा किंवा मुलगी असते. तिला उद्धट होणं परवडत नाही, आणि तुम्ही उद्धट झालात तर उत्तर देणंही परवडत नाही.

पूर्वीच्या कापडदुकानात पांढरी गादी असे. गिऱ्हाईक चपला काढून गादीवर बसे, दाखवणाराही गादीवरच बसे. पन्नास लुगडी उलगडली तरी दोघं एकाच पातळीवर बसून बोलत. गाद्या गेल्या, काउंटर आले. आता गिऱ्हाइकासाठी खुर्ची किंवा स्टूल असतं आणि काउंटरमागची मुलगी दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत उभी असते. गिऱ्हाईक नसतानाही बसायचं नाही, कारण बसलेली माणसं आळशी दिसतात, असा अनेक मालकांचा समज. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात संध्याकाळी आपण तिथे जातो, तिने तिसाव्यांदा साडीची घडी मोडलेली असते, आणि ती हसली नाही म्हणून आपण म्हणतो, काय ही वागण्याची तऱ्हा! तिच्या पोटऱ्या काय म्हणत असतील, याचा विचार आपल्या मनाला शिवत नाही.

केरळात कोळिकोडच्या कापडदुकानांतल्या बायकांनी याच प्रश्नावर लढा दिला. आम्हाला बसू द्या, एवढीच मागणी. २०१८ साली केरळ सरकारला कायदा बदलावा लागला आणि दुकानात काम करणाऱ्यांना बसायची सोय देणं मालकांवर बंधनकारक झालं. तमिळनाडूने २०२१ साली तसाच कायदा केला. इंग्लंडच्या संसदेने तर दुकानात काम करणाऱ्या मुलींसाठी बसायच्या जागेचा कायदा १८९९ साली केला होता. आपल्या महाराष्ट्राचा दुकानांविषयीचा कायदा २०१७ चा आहे. त्यात कामाचे तास आहेत, साप्ताहिक सुट्टी आहे, पण त्यातल्या बहुतेक तरतुदी ठरावीक संख्येइतकी किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या दुकानांनाच लागू होतात. तुळशीबागेतल्या लहान दुकानांत किती जण असतात, हे तुम्ही स्वतः पाहिलेलं आहे.

पुण्याला या बाबतीत परंपरा नाही असं मात्र कुणी म्हणू नये. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली इथेच ग्राहक पंचायत सुरू केली आणि गिऱ्हाइकाला त्याच्या हक्कांची जाणीव करून दिली. ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली आला. त्याच्याही आधी, १९५६ साली, बाबा आढावांनी याच शहरात हमाल पंचायत उभी केली. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्याच्या मणक्याचं काय होतं, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि पोत्याचं वजन निम्म्यावर आणण्यासाठी हमाल लढले. १९७४ साली त्यांनी 'कष्टाची भाकर' हे केंद्र सुरू केलं, तिथे अंगमेहनत करणाऱ्याला परवडेल अशा दरात पोटभर जेवण मिळू लागलं. म्हणजे गिऱ्हाइकाचा मान आणि राबणाऱ्याचा मान या दोन्ही गोष्टींसाठी या शहरात माणसांनी आयुष्यं वेचली आहेत. माझं म्हणणं इतकंच की आपण पहिली गोष्ट चटकन उचलली. रस्त्यावर बसून विकणाऱ्यांच्या हक्कांचा देशव्यापी कायदा यायला २०१४ साल उजाडलं. ग्राहकाच्या कायद्यानंतर अठ्ठावीस वर्षं.

अनेक दुकानांत गांधीजींच्या नावाने एक पाटी लावलेली असते. गिऱ्हाईक किती मोठं, त्याचे आपल्यावर किती उपकार, असा तिचा आशय. गांधीजींच्या संग्रहित लेखनात ते वाक्य सापडत नाही. पण वाक्य कुणाचंही असो, मला ती पाटी अपुरी वाटते. तिच्यात एकच बाजू वाकते. दिवसभर वाकणाऱ्या माणसाकडून मिळतं ते सौजन्य नव्हे, ती चाकरी असते. मंडईतली मावशी मला 'नको असेल तर राहू द्या' असं ताठ मानेने सांगू शकते, म्हणूनच तिने वर ठेवलेल्या टोमॅटोला किंमत आहे.

दुकानात काम करणाऱ्यांनी कसं बोलावं याची शिबिरं आता पुष्कळ होतात. हसून स्वागत करा, नाव विचारा, परत या म्हणा. त्याने थोडं होतं, फार होत नाही. माणूस नीट बोलतो तो पोटात अन्न असेल, पाय दुखत नसतील, लघवीला जायला जागा असेल आणि आपल्याला कुणी तुच्छतेने हाक मारणार नाही अशी खात्री असेल तेव्हा. विशेषतः बायका दिवसभर पाणी कमी पितात, कारण जायचं कुठे हा प्रश्न असतो. हे आपल्या बाजारपेठांचं उघडं दुखणं आहे. मंडईला २०२४ पासून मेट्रोचं स्टेशन झालं, लोकांची ये-जा वाढली, याचा आनंदच आहे. येणाऱ्यांसाठी सरकते जिने झाले, तसं दिवसभर बसणाऱ्यांसाठी स्वच्छ पाणी आणि स्वच्छ शौचालयही हवं. महापालिकेने मंडईच्या दगडी इमारतीची निगा राखताना हे पहिल्या ओळीत लिहावं.

सभागृहात व्यापारी मंडळी आहेत, हे मी मघाशी पाहिलं. तुमच्यापैकी अनेकांचे वडील स्वतः गादीवर बसून गिऱ्हाइकाशी बोलत असत. तुम्हाला माझी एकच विनंती आहे. कायदा व्हायची वाट बघू नका. दिवाळीच्या गर्दीआधी काउंटरच्या मागच्या बाजूला माणशी एक स्टूल आणून ठेवा, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसत जा, असं आपल्या मुलामुलींना तुम्ही स्वतः सांगा.